एका फायरवॉलच्या दहा प्रती काढताना

पूर्वी ज्यांचे एकच दुकान होते, त्यांच्यापैकी अनेकांच्या आज दोन-तीन शाखा झाल्या आहेत. कारखाना एका गावी, गोदाम दुसऱ्या गावी. बिले, हिशेब, जीएसटीची विवरणपत्रे, सगळे इंटरनेटवरून चालते. ही इंटरनेटची लाइन जिथे दुकानात शिरते, तिथे पहारेकऱ्यासारखी जी पेटी बसवतात तिला फायरवॉल म्हणतात. बाहेरून कोणाला आत घ्यायचे आणि आतल्या कोणत्या संगणकाने कुठे जायचे, हे ती ठरवते.

एका ठिकाणी फायरवॉल बसवणे कठीण नाही. आठ-दहा ठिकाणी बसवायची तर तेच नियम प्रत्येक पेटीत पुन्हा पुन्हा भरावे लागतात, आणि कुठेतरी एखादा नियम सुटतोच. यावर संगणक कारागिरांनी काढलेला उपाय म्हणजे एक पेटी पूर्ण तयार करायची आणि तिच्या डिस्कची हुबेहूब नक्कल बाकीच्या डिस्कांवर उतरवायची. याला क्लोनिंग म्हणतात. या धंद्यात 'घोस्ट मारणे' हा शब्द अजून ऐकू येतो. तो ज्या प्रोग्रामवरून आला, तो १९९० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये तयार झाला, १९९८ मध्ये सिमँटेक कंपनीने विकत घेतला आणि नॉर्टन घोस्ट या नावाने २०१३ पर्यंत विकला. आता तैवानमध्ये तयार झालेला क्लोनझिला हा प्रोग्राम हेच काम मोफत करतो.

उदाहरणादाखल पीएफसेन्स घेऊ. ही फायरवॉल २००४ मध्ये मोनोवॉल नावाच्या जुन्या प्रकल्पातून निघाली. ती फ्रीबीएसडी या प्रणालीवर चालते, आणि दोन नेटवर्क कार्डे असलेल्या साध्या संगणकावरही बसते. तिची नक्कल काढताना यंत्र बंद करून पेन ड्राइव्हवरून क्लोनझिला सुरू करावा. चालू डिस्कची नक्कल अर्धवट लिहिलेल्या फाइलींसह उतरते. डिस्क झेडएफएस पद्धतीने मांडलेली असेल, तर क्लोनझिला फक्त भरलेला भाग वेचू शकत नाही. रिकाम्या जागेसह सगळी डिस्क उतरवतो. १२० जीबीची डिस्क सेकंदाला १०० एमबी वेगाने उतरवायला २० मिनिटे लागतात, म्हणजे दहा पेट्यांचे काम एका दिवसात आटोपते. नवी डिस्क जुनीपेक्षा थोडीही लहान नको. दोन कंपन्यांच्या '१२० जीबी' डिस्कांत थोडा फरक असू शकतो, म्हणून मूळ पेटी हाताशी असलेल्या सर्वांत लहान डिस्कवर बनवावी. पेट्याही शक्यतो एकाच बनावटीच्या घ्याव्यात. इंटेलच्या कार्डाला ही प्रणाली आयजीबी० असे नाव देते, रिअलटेकच्या कार्डाला आरई०. कार्ड बदलले की नाव जुळत नाही, आणि पेटी सुरू होताना कोणती तार कुठली हे विचारत थांबते.

इथवरचे काम बहुतेकांना जमते. खरा धोका पुढे आहे. साच्यातून काढलेली भांडी सारखी असली तर बिघडत नाही, पण कुलपे सारखी निघाली तर बिघडते. प्रत्येक फायरवॉलमध्ये एसएसएचची एक गुप्त चावी असते. दुरून जोडणी करताना पेटी त्या चावीवर आपली ओळख पटवते. क्लोनमध्ये तीच चावी सगळीकडे जाते, आणि एका शाखेतली पेटी चोरीला गेली तर चोराला बाकी नऊ पेट्यांचे सोंग घेता येते. ही केवळ कल्पना नाही. इंटरनेटवरच्या यंत्रांची नोंद ठेवणाऱ्या शोडान या सेवेने २०१५ मध्ये दाखवून दिले की अडीच लाखांहून अधिक यंत्रांवर एकच एसएसएच चावी होती. म्हणून नक्कल उतरल्यावर, शाखेत पेटी पाठवण्याआधी, एसएसएचची चावी, वेब पानाचे प्रमाणपत्र, व्हीपीएनची प्रमाणपत्रे आणि पासवर्ड नव्याने करून घ्यावेत. कारागीर 'नंतर करू' म्हणाला तर बिल थांबवावे, असे माझे मत आहे.

दुसरी अडचण पत्त्यांची. पीएफसेन्सचा आतल्या बाजूचा मूळ पत्ता १९२.१६८.१.१ असतो. दहाही शाखांत तोच राहिला तर एकेक शाखा सुटी चालते, पण मुख्य दुकान आणि गोदाम व्हीपीएनने जोडायला गेलात की अडते. दोन्ही टोकांना सारखेच पत्ते, मग माल कुठे पोचवायचा हे पेटीला कळत नाही. म्हणून आधीच कागदावर ठरवून घ्यावे: मुख्य दुकान १९२.१६८.११, गोदाम १९२.१६८.१२, असे पुढे.

आता बॅकअपविषयी. कपाटात क्लोन केलेली डिस्क आहे म्हणून अनेकजण निर्धास्त असतात. ती डिस्क ज्या दिवशी काढली त्या दिवसाची आहे. त्यानंतर बदललेला एकही नियम तिच्यात नाही. पीएफसेन्सच्या सगळ्या मांडण्या एकाच एक्सएमएल फाइलीत असतात. मेनूतल्या बॅकअपच्या पानावरून ती दोन मिनिटांत उतरवता येते. नियम बदलला की ती फाइल उतरवून घ्यावी. तिच्यात पासवर्ड आणि चाव्याही असतात, तेव्हा कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट करूनच ठेवावी, आणि मेलने तर अशी उघडी फाइल कधीच पाठवू नये. पेटी जळाली तर दुसऱ्या यंत्रावर पीएफसेन्स नव्याने बसवून ही फाइल भरली की बहुतेक मांडणी परत येते. महिन्यापूर्वीच्या क्लोनपेक्षा कालची फाइल बरी.

कंपनीच्या तयार, परवाना असलेल्या फायरवॉलचा प्रकार निराळा. त्यांचा परवाना सहसा त्या पेटीच्या अनुक्रमांकाशी बांधलेला असतो, डिस्क उतरवली तरी तो सोबत येत नाही. तिथे कंपनीची स्वतःची बॅकअप फाइलच वापरावी लागते.

क्लोन असो की फाइल, एकदा एखाद्या सुट्टीच्या दिवशी जास्तीच्या पेटीवर ती भरून पाहावी. दुकानातले एक बिल निघते का, गोदामातला संगणक दिसतो का, आणि बाहेरून बंद असायला हवे ते खरोखर बंद आहे का, हे तपासून मगच ती पेटी कपाटात ठेवावी.