मोकळा प्लॉट, उकरलेला रस्ता

धाराशिवच्या कुठल्याही नव्या वसाहतीत ऑगस्टात शिरा, दोन गोष्टी हमखास दिसतात. दोन घरांच्या मधला प्लॉट कमरेएवढ्या गाजर गवतानं भरलेला, आणि समोर रस्त्यासाठी टाकलेला खडीचा ढीग. खडी पडून इतके महिने झालेले की तिच्यातूनही गवत वर आलेलं. गवताची तक्रार आपण आरोग्य विभागात देतो, रस्त्याची बांधकाम विभागात. मागची तीसेक वर्षं उलगडून पाहिली तर मात्र दोन्हीचं मूळ एकच निघतं: शेत मोडून प्लॉट पाडायचे आणि पुढचं पुढं बघायचं.

जिल्ह्याचं ठाणं 1904 साली नळदुर्गहून इथं आलं, पण शहर बरीच वर्षं कचेऱ्या आणि जुन्या गल्ल्या एवढ्यातच मावत होतं. ते पसरलं अलीकडे. 2001 च्या जनगणनेत लोकसंख्या 80 हजारांच्या आसपास होती, 2011 ला ती 1 लाख 11 हजारांच्या पुढं गेली. या वाढीच्या आधी 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप झाला होता. त्यानंतर लातूर आणि आपल्या जिल्ह्यात मिळून 52 गावं नव्या जागी वसवली गेली. सास्तूरसारख्या गावात आधी आखणी, रस्ते, मग घरं. त्या चौकोनी आखणीवर आणि गावापेक्षा मोठ्या वाटणाऱ्या रस्त्यांवर टीका झाली, ती पुष्कळशी रास्तही होती. पण घरात राहायला जाण्याआधी दारात रस्ता असतो, हे या जिल्ह्यानं तेव्हा पाहिलं होतं. जिल्ह्याच्या शहरात त्याच्या उलट झालं.

एकरानं घेतलेली जमीन एन.ए. करायची, ले-आउट मंजूर करून घ्यायचा, चुन्याचे दगड रोवायचे. नियमानं अंतर्गत रस्ते, नाल्या करून त्या पालिकेकडे सोपवायच्या आणि खुली जागा सोडायची. पुष्कळ ठिकाणी मुरमाचा एक थर पडला, प्लॉट खपले आणि विकणारा पुढच्या शेताकडे वळला. जिथं एन.ए. देखील झालं नाही, तिथं गुंठेवारी, बॉण्डवर व्यवहार. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा 2001 मध्ये आला, 2021 च्या दुरुस्तीनं त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढली. कागद नियमित झाले तरी मुरूम मुरूमच राहिला. त्याखाली काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा थर गिळून टाकते. चपलेला चिखलाचा दुसरा तळ लागल्याशिवाय जूनमध्ये घर गाठता येत नाही.

घेणारेही आपणच. गुरुजी, तलाठी, एसटीतले, बँकेतले. बांधायला म्हणून थोड्यांनी घेतले; बाकीच्यांनी मुलीच्या लग्नाला, पोराच्या शिक्षणाला कामाला येईल म्हणून. पोरं पुण्याला गेली, प्लॉट इथं राहिला. भाव वाढत गेला आणि भावाबरोबर गवतही. शेजाऱ्याच्या घरात साप निघाला की मालकाला फोन जातो, आणि ‘पुढच्या महिन्यात येतोय, बघतो’ हे ठरलेलं उत्तर मिळतं.

गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, 1955 च्या सुमारास पुण्यात नोंदलं गेलं. अमेरिकेच्या पी.एल. 480 च्या गव्हातून आलं असं आपण सगळेच सांगतो, पण तो करार 1956 चा. गव्हाचा दोष असलाच तर तो आधीच्या जहाजांचा. एक झाड हजारोंनी बी टाकतं आणि उगवल्यापासून महिन्याभरात फुलायला लागतं. म्हणूनच नोटीस, स्मरणपत्र, पंचनामा ही सरकारी चाल त्याच्यापुढं टिकत नाही. मालकाला नोटीस देऊन जागा साफ करून घ्यावी, न केल्यास खर्च वसूल करावा, ही सोय आहे. पण टपाल पुण्याच्या पत्त्यावर पोचेपर्यंत बी पडून गेलेलं असतं. 1980 च्या दशकात बंगळूरला आणलेला मेक्सिकन भुंगा पाऊस लागून असला की पानांची चाळण करतो, ओढ दिली की मातीत दडून बसतो. आपल्याकडच्या पावसाचा स्वभाव त्याला मानवणारा नाही. फुलं यायच्या आत, हातात मोजे घालून मुळासकट उपटणं आणि तिथं तरोट्याचं बी फेकणं, हाच त्यातल्या त्यात खात्रीचा उपाय. वर्षातून दोनदा तरी करावा लागतो, आणि दुसऱ्याच्या प्लॉटात करावा लागतो, म्हणून कुणी करत नाही.

रस्त्यांची गोष्ट आणखी लांबली. आधी भुयारी गटार व्हायचं, मग रस्ता, हा क्रम बरोबरच होता. केलेला रस्ता फोडण्यापेक्षा थांबणं शहाणपणाचं. पण उकरणं आणि बुजवणं यांत पावसाळे गेले. 2016 ला निवडून आलेल्या पालिकेची मुदत 2021 च्या अखेरीस संपली. राज्यभर ओबीसी आरक्षणाच्या वादात निवडणुका अडकल्या आणि कारभार प्रशासकाकडे गेला. नगरसेवकाला आपण इतकी वर्षं नावं ठेवली, पण सकाळी त्याच्या दारात जाऊन उभं राहता येत होतं. तक्रार तोंडी सांगता येत होती, आणि पुढच्या निवडणुकीची भीती त्याला होती. प्रशासकाला ती भीती नसते. मधल्या काळात, 2023 ला, शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या. त्या कामाला मात्र वेळ लागला नाही.

मग 140 कोटींचे 59 रस्ते मंजूर झाले. निधी आला, फलक लागले, श्रेयाची भांडणं झाली; पाठोपाठ निविदेतल्या जादा दराचा वाद उभा राहिला आणि काम अडलं. जादा दरानं काम देऊ नये हे म्हणणं योग्यच होतं. फक्त त्या वादाचा भुर्दंड बसला तो दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना नव्हे, रिक्षावाल्याच्या पाट्याला आणि म्हाताऱ्यांच्या कमरेला. आणि हेही लक्षात घ्यावं की हे सारे मंजूर आराखड्यातले रस्ते. ले-आउटमधल्या गल्ल्या त्यात नाहीत. मोठा रस्ता झाला तरी घरापर्यंतचा शेवटचा टप्पा मुरमाचाच.

2025 च्या डिसेंबरात पालिकेची निवडणूक झाली, मेंबर परत आले. आता सत्काराचे हार सुकलेत, त्यांना पहिलं एक काम सांगायला हवं. आपल्या प्रभागात किती ले-आउट आहेत, त्यांतले कोणते रस्ते पालिकेच्या ताब्यात आलेत आणि कोणते अजून विकणाऱ्याच्याच नावावर आहेत, याची यादी प्रभागातल्या चौकात लावावी. तिच्याच खाली मोकळ्या प्लॉटांचे गट क्रमांक लिहावेत, आणि ही यादी मे महिन्यात लागावी, ऑगस्टात नव्हे.