हृदयालाच रक्त कमी पडलं तर? : कोरोनरी धमन्यांचे जन्मजात दोष



हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवतं, हे आपण वर्गात शिकवतो. पण हृदयाच्या स्नायूला रक्त कोण पुरवतं? महाधमनीच्या मुळाशी निघणाऱ्या उजव्या आणि डाव्या कोरोनरी धमन्या. साधारण शंभरात एखाद्या व्यक्तीत त्यांची रचना जन्मतःच वेगळी असते. बहुतेकांना त्रास होत नाही. पुढील तीन प्रकार मात्र लक्षात ठेवा.

१) डावी धमनी फुप्फुसधमनीतून निघणे : सुमारे ३ लाख जन्मांत एक बाळ. त्या रक्तात ऑक्सिजन कमी असतो; जन्मानंतर काही आठवड्यांत तिथला दाबही उतरतो. बाळ दूध पिताना दमतं, घामाघूम होतं, रडतं. शस्त्रक्रियेने धमनी महाधमनीला जोडतात.

२) धमनी दोन मोठ्या धमन्यांच्या मधून जाणे : एरवी मूल ठणठणीत, पण जोरात धावताना छातीत दुखतं किंवा चक्कर येऊन पडतं. कधीकधी पहिलंच लक्षण जीवघेणं ठरतं.

३) 'टेट्रालॉजी ऑफ फॅलो' या दोषासोबत : यात मूल निळसर दिसतं. फुप्फुसाकडे जाणारी अरुंद वाट सर्जन रुंद करतात. सुमारे ५ टक्के मुलांत एक महत्त्वाची कोरोनरी शाखा नेमकी तिथूनच आडवी जाते. ती कापली गेली तर जीवावर बेततं, म्हणून आधीच इको, गरजेनुसार सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफी करतात.

शाळेत काय करायचं?

'पळायचा कंटाळा' म्हणून तक्रार उडवून लावू नका. धावताना छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली, तर खेळ थांबवा, पालकांना त्याच दिवशी कळवा आणि हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवा. साधा ईसीजी नॉर्मल आला तरी इकोबद्दल विचारा. मूल पडून श्वास घेत नसेल तर छातीवर दाब देणं सुरू करा, १०८ ला फोन करा.

खर्चाची चिंता? २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शासकीय व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा, अंगणवाड्यांत दोनदा तपासणी होते. जन्मजात हृदयदोष त्यात आहेत. पुण्यातही पथक शाळेत येईल तेव्हा आपली नोंद त्यांना जरूर सांगा. डॉक्टर मुलाला काही मिनिटं पाहतात; मैदानावर रोज आपणच पाहतो.