पाभरीच्या पट्ट्यांना जुळती भोके पाडताना

वाफसा आला आहे, बैल जुंपलेत आणि पाभरीचा फण आवळणारी पट्टी मोडली. घरात जादा पट्टी आहे, पण तिचं एक भोक जोंधळ्याच्या दाण्याएवढं सरकलेलं. बोल्ट ठोकून बसवला तर आटे मोडतात. भोक मोठं केलं तर फण डुलतो अन् दोन ओळींतलं अंतर बिघडतं. तेव्हा जादा पट्ट्या उन्हाळ्यातच कराव्यात, आणि त्या एकत्र कराव्यात. प्रत्येकीवर वेगळं माप घेतलं की दर वेळी थोडी चूक होतेच.

समजा 6 मि.मी. जाडीच्या चार पट्ट्या आहेत. त्यांच्या कडा एकसारख्या करून थप्पी दोन क्लॅम्पांनी आवळा. वरच्या पट्टीवर जागा आखून सेंटर पंचाने खळगा पाडा, नाहीतर बीट घसरतं. आधी 4 मि.मी.चं बारीक भोक आरपार न्या. मग 10 मि.मी.च्या बोल्टासाठी साडेदहाचं बीट चालवा, वेग कमी ठेवून, तेलाचे थेंब सोडत. आता लगेच दुसऱ्या भोकाला हात घालू नका! पहिल्या भोकात बोल्ट घालून आवळा, मगच दुसरं पाडा. क्लॅम्प मात्र राहू द्या, नाहीतर पट्ट्या बोल्टाभोवती फिरतात.

हातातलं ड्रिल तिरकं गेलं की वरच्या आणि खालच्या पट्टीतलं माप वेगळं येतं. म्हणून शेजारी गुण्या उभा धरून पाहणारा एक जण हवा. वर्कशॉपातलं उभं ड्रिल मिळालं तर फारच उत्तम. जास्त पट्ट्या हव्या असतील तर थप्पी वाढवू नका, नव्या पट्टीचाच नमुना धरा. पाभरीवरची जुनी पट्टी नमुन्याला घेऊ नये, तिची भोकं झिजून लांबट झालेली असतात.

पट्टी पायाखाली दाबून भोक पाडायची आपल्याकडची रीत सोडा. बीट खालून बाहेर पडताना अडकतं आणि पट्टी गर्रकन फिरते. हातमोजे, उपरणं, सैल बाही नको. डोळ्यांवर चष्मा हवाच.

थप्पी सोडण्याआधी चारींच्या एकाच कोपऱ्यावर कानशीने खूण करा, म्हणजे उलटसुलट होणार नाहीत. भोकांच्या कडेची कुसं काढा, नाहीतर पट्टी सपाट बसत नाही. एक पट्टी पाभरीला न लावता तेल पुसून गोठ्यात तारेला टांगून ठेवा. पुढच्या वर्षी तीच नमुन्याला येईल.