बिलातले पाणी मोजताना

सोसायटीचे पाण्याचे बिल हातात आले की नजर रकमेवर जाते. मी आधी मागचे आणि चालू वाचन बघते. एक युनिट म्हणजे एक घनमीटर, अर्थात १,००० लिटर. या वेळी ६० दिवसांत १,२९६ युनिट. म्हणजे रोज २१,६०० लिटर, आणि चोवीस फ्लॅटना वाटले तर फ्लॅटमागे ९०० लिटर.

मुंबईत महापालिका एका फ्लॅटमध्ये पाच माणसे धरते. त्या हिशेबाने माणशी १८० लिटर. पहिल्या १५० लिटरपर्यंत मूळ दर, १५० ते २०० दुप्पट, पुढे तिप्पट आणि चौपट. वर पाणीपट्टीच्या ७० टक्के मलनिःसारण आकार. गळून गेलेल्या पाण्याचेही सांडपाणी म्हणून पैसे भरावे लागतात, याचे मला फार वाईट वाटते.

पण पाच माणसे कागदावर. आमच्या इमारतीत प्रत्यक्षात ९६ जण राहतात. म्हणजे माणशी २२५ लिटर! महानगरासाठीचे मानक १५० लिटरचे आहे. बादलीने आंघोळ करणारी, भांडी टबात विसळणारी घरे इथे आहेत. एवढे पाणी वापरात जाणे शक्य नव्हते.

सगळे नळ बंद करून मीटर फिरतो का बघा, असा सल्ला सर्रास दिला जातो. आमच्याकडे तो निरुपयोगी, कारण मीटरनंतर जमिनीखालची टाकी, मग पंप, मग गच्चीवरची टाकी. महापालिकेचे पाणी ठरावीक तासच येते, मीटर तेवढाच वेळ फिरतो. फ्लॅटमधली गळती त्याला थेट दिसत नाही.

म्हणून प्लंबर आणि मी रात्री गच्चीवर गेलो. पंप बंद केला. टाकीचा तळ तीन मीटर बाय दोन मीटर, म्हणजे पाणी एक सेंटिमीटर उतरले की ६० लिटर गेले. बारा वाजता मोजपट्टीवर खूण केली. चार वाजता पाणी नऊ सेंटिमीटर खाली. चार तासांत ५४० लिटर! रात्री उठणाऱ्यांचा थोडा वापर वजा केला तरी उरलेले गळतीचेच. हाच वेग दिवसभर धरला तर रोज ३,२४० लिटर, एका बिलात सुमारे १९४ युनिट. तेवढे वाचले तर बिलाच्या हिशेबात माणशी १५३ लिटर, मूळ दराच्या उंबरठ्यावर.

दुसऱ्या दिवशी प्लंबरने प्रत्येक फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाकला. फ्लश न करता पंधरा मिनिटे थांबायचे. अकरा घरांच्या भांड्यात रंग उतरला. आवाज नाही, ओल नाही. तळाचा रबरी वायसर झिजला की अशी बारीक धार अखंड वाहते, आणि घरच्यांना पत्ताही लागत नाही.

खालच्या टाकीचा बॉलकॉकही अडकत होता. पाणी येण्याच्या वेळेत जादा पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून थेट गटारात जायचे. ते मात्र मीटरमधून मोजून आलेले, त्यामुळे बिलात पूर्ण. हे गच्चीवरच्या मोजणीत येतच नाही, पाणी येत असताना टाकीशी उभे राहिले तरच कळते.

आता वॉचमन रोज पाणी गेल्यावर मीटरचे वाचन वहीत लिहितो. वायसर बदलायला तीन घरांनी अजून होकार दिलेला नाही. त्यांच्याकडे मी आज पुन्हा जाणार आहे.