मिशा सगळ्यात शेवटी

जलरंगाच्या चित्रात पेन्सिलीची रेघ दिसली की प्रदर्शनात कुणीतरी हमखास म्हणतं, ‘मग हे शुद्ध जलरंग नव्हे!’ नसेल. पण प्राण्यापक्ष्यांच्या चित्रांत मिश्र माध्यम ही आजकालची पळवाट आहे, हा समज खोटा. जॉन जेम्स ऑड्युबनचं ‘द बर्ड्स ऑफ अमेरिका’ १८२७ ते १८३८ या काळात प्रसिद्ध झालं. त्यातली ४३५ चित्रं म्हणजे हाताने रंगवलेले छाप. त्याची मूळ चित्रं मात्र न्यूयॉर्कमध्ये जपून ठेवली आहेत आणि त्यांत जलरंग, पेस्टल, ग्राफाइट, गवाश असं सगळं एकत्र नांदतं. काही ठिकाणी तर त्याने पक्ष्याचं चित्र कापून दुसऱ्या कागदावर चिकटवलं आहे!

‘कशावरही काहीही चालतं’ हा दुसरा समज जास्त नडतो. रंगीत पेन्सिलीत मेण किंवा तेल असतं. तिच्या दाट थरावर जलरंग धरत नाही. म्हणून आधी जलरंगाचे पातळ हात, ते खडखडीत वाळले की पेन्सिल, आणि खालचं झाकणारा गवाश शेवटी. वाळलेल्या ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो, उलटं नाही. ॲक्रिलिकमधलं पाणी उडालं की थर बसतो. तेल मात्र हवेतला ऑक्सिजन घेत कित्येक महिने वाळत राहतं, आणि वरचं ॲक्रिलिक पुढे सुटू लागतं.

सगळ्यात चिवट गैरसमज: केसन् केस काढला की वाघ खरा दिसतो. तो पेंढा भरलेला दिसतो. आधी छायाप्रकाश, मग लवीची दिशा. सुटे केस फक्त उजेड सावलीला भिडतो तिथे. गालाचा पांढराही कोऱ्या कागदाचा नसतो. सावलीत तो निळसर, वाळल्या गवतात पिवळट होतो. पट्ट्यांना ट्यूबमधला काळा लावण्यापेक्षा अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून पाहा.

आणि डोळा. घरच्या मांजरीवरून वाघाला उभ्या चिरेची बाहुली काढणारे बरेच भेटतात. वाघाची बाहुली गोल असते. वरच्या पापणीची सावली बुबुळावर पडते. ती राहिली की डोळा बाहेर आल्यासारखा वाटतो.

मिशांसाठी मास्किंग फ्लुइडने कागद राखतात खरा, पण रेघ बहुधा शेवटपर्यंत सारखीच जाड येते. त्यापेक्षा पांढरा गवाश, लांब केसांचा बारीक ब्रश आणि मुळाकडून टोकाकडे एका दमात ओढ. पांढऱ्या गालावर पांढरी मिशी दिसत नाही, तेव्हा गालापलीकडचं रान आधीच गडद करून ठेवावं.