उपाशीपोटीचा दुसरा आकडा

हल्ली लॅबच्या पॅकेजमध्ये उपाशीपोटीच्या शुगरखाली आणखी एक ओळ छापून येते: फास्टिंग इन्सुलिन. शुगरचे आकडे घराघरांत पाठ आहेत. या दुसऱ्या आकड्याकडे मात्र लोक नव्या पाहुण्याकडे बघावं तसे बघतात.

1921 मध्ये टोरांटोत इन्सुलिन हाती लागलं, पुढच्याच जानेवारीत ते 14 वर्षांच्या एका मुलाला टोचलं गेलं. औषध मिळालं, पण माणसाच्या रक्तात त्याचं स्वतःचं इन्सुलिन किती आहे, हे नेमकं सांगायला आणखी जवळजवळ चाळीस वर्षं गेली. तोवर उंदराच्या स्नायूचा तुकडा रक्तद्रवात ठेवायचा आणि तो किती साखर ओढतो यावरून अंदाज बांधायचा, असला कारभार होता.

तो बदलला न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या एका सरकारी रुग्णालयात. माजी सैनिकांसाठीच्या या रुग्णालयात रोझलिन यॅलो या भौतिकशास्त्रज्ञ बाईंनी झाडू-बादल्या ठेवायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली होती. डॉक्टर सॉलोमन बर्सन 1950 मध्ये त्यांना येऊन मिळाले. किरणोत्सारी आयोडीन जोडलेलं इन्सुलिन रुग्णांना टोचून ते किती वेळात नाहीसं होतं, हे दोघं पाहत होते. पूर्वी इंजेक्शनं घेतलेल्यांच्या रक्तात ते जास्तच रेंगाळत होतं. इंजेक्शनमधल्या जनावरांच्या इन्सुलिनविरुद्ध शरीरानं प्रतिपिंडं तयार केली होती आणि ती त्याला धरून ठेवत होती. एवढ्या लहान रेणूविरुद्ध प्रतिपिंडं होतातच कशी, म्हणत एका नामांकित नियतकालिकानं लेख परत केला. दुसऱ्यानंही तो आधी नाकारला आणि मग 1956 मध्ये छापला, तोही शीर्षकातला ‘प्रतिपिंड’ हा शब्द काढल्यावर. यॅलोबाईंनी या दुसऱ्या नियतकालिकाचं नकाराचं पत्र जपून ठेवलं आणि नोबेल मिळाल्यावर जगाला दाखवलं. मला त्यांचा हा खमकेपणा फार आवडतो.

मग अशाच प्रतिपिंडांचा त्यांनी तराजू केला. ठरावीक प्रतिपिंडं, ठरावीक किरणोत्सारी इन्सुलिन आणि त्यात रुग्णाचं रक्त. रुग्णाचं इन्सुलिन जितकं जास्त, तितकं किरणोत्सारी इन्सुलिन जागा न मिळून मोकळं राहतं. ते मोजलं की उत्तर मिळालं. 1960 मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली. तिचं पेटंट दोघांनी घेतलं नाही. 1977 चं नोबेल घ्यायला बर्सन हयात नव्हते.

या तराजूनं मोठ्या वयातल्या मधुमेहाची समजूतच उलटी केली. अनेक रुग्णांत इन्सुलिन कमी नव्हतं, उलट भरपूर होतं; शरीर त्याला दाद देत नव्हतं. 1985 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी हा असहकार मोजायचं सोपं गणित दिलं: उपाशीपोटीची शुगर गुणिले इन्सुलिन, भागिले 405. शुगर 99 असलेली दोन माणसं घ्या. एकाचं इन्सुलिन 5, दुसऱ्याचं 20. उत्तरं येतात 1.2 आणि 4.9. शुगरच्या रकान्यात दोघंही नॉर्मल. पण दुसऱ्याचं स्वादुपिंड तेवढ्याच कामासाठी चौपट राबतंय.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हा धागा पार पाळण्यापर्यंत नेला. पुण्यातली बाळं लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा वजनानं हलकी, तरी त्यांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिन जास्त, असं 2002 मध्ये दिसलं. वजनाचा आकडा फसवू शकतो हे दाखवायला दोन वर्षांनी त्यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचाच फोटो छापला: दोघांचा बीएमआय 22.3, पण चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2.

इतकं होऊनही मधुमेहाचं निदान आजही शुगर आणि एचबीए1सीवरच होतं. इन्सुलिन मोजणारी किट वेगवेगळी, त्यामुळे एका लॅबचा आकडा दुसरीच्या आकड्याशी जुळेलच असं नाही. शिवाय वजन उतरलं तरी हा आकडा घसरतो आणि वर्षानुवर्षं राबून स्वादुपिंड थकलं तरीही घसरतो. 20 चे 8 झाले म्हणून पेढे वाटण्याआधी वरच्या ओळीतली शुगर बघावी लागते.