अंतर तेच, कोन वेगळा: गंधक आणि हॅलोजनची गोष्ट

राजारामपुरीतल्या खोलीतून बोलतोय, मागून हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या.

आजचा विषय केमिस्ट्रीचा, आणि तो माझ्याच चुकीतून निघालाय. माझी मामेबहीण एम.एस्सी. करते. तिच्या प्रोजेक्टसाठी मी एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता. स्फटिकातल्या अणूंच्या जागा घ्यायच्या, अंतर मोजायचं, आणि दोन अणू नेहमीपेक्षा जवळ आले की मध्ये तुटक रेघ काढायची. गंधकाची व्हॅन डर वाल्स त्रिज्या १.८० अँगस्ट्रॉम, क्लोरीनची १.७५. बेरीज ३.५५. त्याहून कमी अंतर दिसलं की प्रोग्रॅम छापायचा: 'कॅल्कोजेन बाँड'. सबमिशनला चार दिवस उरलेले, तिचा अख्खा तक्ता भरून झालेला, आणि रात्री साडेदहाला फोन. "दादा, अंतर बघितलंस. कोन कोण बघणार?"

मी अणू म्हणजे गोल चेंडू धरून चाललो होतो. तसं नसतंय. समजा गंधकाला दोन कार्बन जोडलेत. कार्बनकडून गंधकाकडे येणारी बंधाची रेघ पलीकडे तशीच वाढवा. त्या टोकाला इलेक्ट्रॉन विरळ असतात, म्हणून थोडा धन भार उघडा पडतो. हाच सिग्मा होल. बंध दोन, म्हणून होलही दोन. पण या तिघांच्या प्रतलाच्या वर-खाली इलेक्ट्रॉन भरपूर! म्हणजे एकच अणू एका दिशेने घेणारा, दुसऱ्या दिशेने देणारा. दुकान वीस मीटरवर दिसतं पण शटर मागच्या गल्लीत उघडतं, तसं काहीसं. सेलेनियम गंधकापेक्षा मोठा, त्याचे इलेक्ट्रॉन जास्त सैल, म्हणून त्याचा होल साधारणपणे अजून जोरदार.

हॅलोजनही तसाच. टोकाला होल, कंबरेभोवती इलेक्ट्रॉनचा पट्टा.

आता खरी गंमत. क्लोरीनची कंबर गंधकाच्या होलसमोर आली, म्हणजे कार्बन-गंधक-क्लोरीन जवळपास १८० अंशांत, तर तो कॅल्कोजेन बाँड. उलट क्लोरीनने टोक गंधकाच्या इलेक्ट्रॉनांवर रोखलं, म्हणजे कार्बन-क्लोरीन-गंधक सरळ रेषेत, तर तो हॅलोजन बाँड. अणू तेच, अंतरही तेच असू शकतं, पण देणारा-घेणारा बदलला. माझ्या प्रोग्रॅमला दोन्ही सारखेच दिसत होते.

हे नवीन नाही बरं का. रोझेनफील्ड, पार्थसारथी आणि ड्युनिट्झ यांनी १९७७ मध्येच स्फटिकांची माहिती गोळा करून गंधकाच्या या दिशा दाखवल्या. १९८१ मध्ये आपल्या गुरू राव यांनी पार्थसारथींबरोबर स्फटिकातला गंधक गोल नसल्याचं मांडलं. कॅल्कोजेन बाँडची अधिकृत व्याख्या मात्र आयुपॅकने २०१९ मध्ये केली! रेणूभोवती कुठे धन, कुठे ऋण, याचा नकाशा कॉम्प्युटरवर काढायचं मोठं काम पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे यांनी केलं. त्यांना १९९३ चा भटनागर पुरस्कार आहे. हे मला आधी माहीत असतं तर तो फोन आला नसता.

त्या रात्री दोन्ही कोन मोजणारा कोड घातला. अट १६० अंशांच्या वरची. काही ओळी कॅल्कोजेनमधून हॅलोजनच्या रकान्यात गेल्या. काहींना दोन्ही नावं लागेनात, ते अणू नुसतेच गर्दीत जवळ ढकलले गेलेले. त्या ओळी तिने खोडल्या, तक्ता बारीक झाला, पण सर हो म्हणाले.

सेलेनियमची फाइल काल आलीय. तिथे क्लोरीनबरोबर बेरीज ३.६५ धरायची.